शंभरटक्के सर

फोटो दाखवला की माणसं काहीतरी बोलतात. 'वा' म्हणतात, 'कुठला हा?' विचारतात, 'मुलगी केवढी मोठी झाली हो' म्हणतात. शंभरटक्के सर काही बोलत नाहीत. ते फोन हातात घेतात, चित्रावर दोन बोटं टेकवतात आणि फाकवतात. आधी मुलीच्या मागचा समुद्र नाहीसा होतो, मग मुलगी, मग तिचं नाक. उरते ती एक पापणी. पापणीचे केस सुटे सुटे दिसले, तर सरांची मान किंचित हलते. नाही दिसले, तर फोन तुमच्या हातात परत येतो आणि त्याबरोबर एकच शब्द येतो, "रीवर्क."

त्यांचं खरं आडनाव आमच्या फोटोवाल्यांच्या मंडळात आता कुणाला आठवत नाही. 'सर' तर या क्षेत्रात सगळेच असतात. गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा पडला की माणूस सर होतो. पण कॉम्प्युटरवर चित्र शंभर टक्के मोठं करायचं, म्हणजे चित्रातला एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसवायचा, आणि मगच तोंड उघडायचं, हा नेम फक्त यांचा. ज्या गावात सहस्रबुद्धे आणि अष्टपुत्रे सुखाने नांदतात तिथे एक शंभरटक्के वाढले, एवढंच. एका स्पर्धेच्या प्रशस्तिपत्रावर तेच नाव छापून आलं तेव्हा त्यांनी ते दुरुस्त करून मागितलं नाही. कागद उन्हाकडे धरून छपाई मात्र तपासली.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी भोसरीच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीच्या खात्यात काढली. मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज आणि 'गो-नोगो'चा गेज, ही त्यांची पूजेची भांडी. गेजचं 'गो' टोक भोकात शिरलं पाहिजे आणि 'नोगो' टोक शिरता कामा नये. मधे काही नाही. पिन दिसायला किती देखणी आहे, म्हणून त्यांनी कधी एकही लॉट पास केला नाही. असा माणूस निवृत्तीच्या आसपास कॅमेऱ्याकडे वळला की काय होणार? त्याला कुणीतरी सांगितलं, की कॅमेऱ्यातसुद्धा हिशेब मायक्रॉनमध्येच चालतो. तिथून पुढे वहिनींच्या घरखर्चाचं टॉलरन्स संपलं.

हिशेब खरोखरच मायक्रॉनचा आहे. सर ज्या जातीचे कॅमेरे वापरतात त्यांचा सेन्सर साधारण 23.5 मिलिमीटर रुंद आणि 15.6 मिलिमीटर उंच असतो. जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा, म्हणजे 36 बाय 24 पेक्षा, तो लहान, म्हणून लोक त्याला क्रॉप सेन्सर म्हणतात. तेवढ्याच जागेत कंपन्यांनी वीस वर्षांत किती पिक्सेल कोंबले, हे सरांच्या कपाटात ओळीने मांडलेलं आहे. निकॉनचा डी70, साल 2004, 6 मेगापिक्सेल. डी300, साल 2007, 12 मेगापिक्सेल. डी7200, साल 2015, 24 मेगापिक्सेल. आणि मग घराणं बदलून फुजीफिल्मचा एक्स-टी5, साल 2022, 40 मेगापिक्सेल. सेन्सर तेवढाच राहिला आणि पिक्सेल मात्र पावणेआठ मायक्रॉनवरून तीन मायक्रॉनवर आला.

मधे निकॉनने 2016 साली डी500 काढला. पक्षी टिपणाऱ्यांनी त्यावर जीव ओवाळून टाकला. सेकंदाला दहा फोटो, अंधारातही चटकन फोकस. सरांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, कारण त्यात 20.9 मेगापिक्सेल होते आणि सरांच्या घरात 24 येऊन बसले होते. "आकडा मागे गेला," ते म्हणाले. माझ्या मते तो कॅमेरा घेतला असता तर सरांकडे उडणारे पक्षीही असते. आत्ता आहेत ते बहुतेक बसलेले.

गंमत अशी, की प्रत्येक नव्या कॅमेऱ्याबरोबर सर अधिकाधिक खिन्न होत गेले. डी70च्या काळात ते आनंदी होते, असं वहिनी सांगतात. त्याचं कारण साधं आहे आणि ते सरांना कुणी सांगायला धजत नाही. त्यांच्या टेबलावर 24 इंची, फुल एचडी मॉनिटर आहे. त्यावर डी70चा फोटो शंभर टक्क्याला उघडला तर पूर्ण चित्राची रुंदी 83 सेंटिमीटर होते. पावणेतीन फुटी तसबीर समजा. एक्स-टी5चा फोटो तसाच उघडला तर चित्र होतं 2 मीटर 14 सेंटिमीटर. म्हणजे सात फुटी फलकाला नाक लावून सर बसलेले असतात आणि त्यांना शाई पसरलेली दिसते. पिक्सेल वाढल्याने चूक वाढत नाही. थोडा चुकलेला फोकस, थोडा हललेला हात, काचेच्या कडेचा थोडा मऊपणा, हे सगळं डी70च्या वेळीही होतंच, तेव्हा ते एका जाड पिक्सेलच्या पोटात मावत असे. आता ते तीन पिक्सेलांवर पसरतं. तोच फोटो बारा बाय अठरा इंचांवर छापा आणि दोन्ही शेजारी ठेवा, तर 40वाला हरणार नाही. पण सर छापत नाहीत. छापलं तर फाकवायचं कसं?

वाढही लोकांना वाटते तेवढी नसते. 24चे 40 झाले की माणूस मनात पावणेदोनपट गुणतो, पण बारकावा रुंदीत मोजायचा असतो. 6000 पिक्सेलांच्या जागी 7728 झाले, म्हणजे जेमतेम सव्वापटीच्या वर. बारकावा खरोखर दुप्पट हवा असेल तर 24चे 96 लागतील. हे गणित सरांनीच मला समजावलं, तेही कॅमेरा घेतल्यानंतर, पावती फाइल करता करता.

"मग फुलफ्रेम का घेत नाही?" असं त्यांना विचारू नये. विचारलंच तर पाणी पिऊन घ्यावं. "सोनीचा 61 मेगापिक्सेलचा फुलफ्रेम घ्या," सर सुरू करतात, "आणि त्यातून माझ्या सेन्सरएवढा तुकडा कापा. किती उरले? 26. माझ्याकडे 40. आता झाडावरचा तांबट तुमच्याकडे किती पिक्सेलांचा आणि माझ्याकडे कितीचा?" मुद्दा बिनतोड आहे. लांबचा पक्षी कुठल्याच लेन्समध्ये चौकट भरत नाही, तो कापूनच काढावा लागतो, आणि त्या तुकड्यात पिक्सेल दाट असतील तर पिसं दिसतात. एक्स-टी5ची दाटी फुलफ्रेमवर पसरायची म्हटली तर 90च्या वर मेगापिक्सेल लागतील. फुलफ्रेमवाला मग नॉइजचा विषय काढतो. लहान पिक्सेलात उजेड कमी, दाणे जास्त. शंभर टक्क्याला पाहिलं तर तेही खरं. पण चित्र एकाच मापाला छापलं तर 24 आणि 40मधला फरक जवळपास विरून जातो, कारण एकूण उजेड सेन्सरच्या क्षेत्रावर आणि लेन्सच्या छिद्रावर ठरतो, त्या क्षेत्राचे किती तुकडे केले यावर नाही. अशी ही दोन बरोबर माणसांची भांडणं असतात आणि ती चहावाल्याचं दुकान बंद होईपर्यंत चालतात.

हिवाळ्यात आम्ही भिगवणला जातो. उजनीच्या फुगवट्याचं पाणी, कुंभारगावची होडी, पहाटेची थंडी आणि लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. सरांच्या मांडीवर दीडशे-सहाशेची लेन्स. ही लेन्स सहाशेला पूर्ण उघडली तरी एफ/8लाच उघडते, आणि एफ/8 म्हटलं की सरांच्या खिशातली वही बाहेर येते.

"हिरव्या उजेडाची तरंगलांबी 0.55 मायक्रॉन," ते होडीवाल्याला सांगतात, कारण मी तोवर दुर्बिणीत तोंड लपवलेलं असतं. "त्याला 2.44ने गुणा, मग आठने गुणा. 10.7. म्हणजे बिंदूचा ठिपका होतो पावणेअकरा मायक्रॉनचा. आणि माझा पिक्सेल तीनचा! एका ठिपक्यात साडेतीन पिक्सेल! आता सांगा, शार्प कुठून येणार?"

होडीवाला बांबू पाण्यात रोवतो. "रोहित हाय की सायेब. आनि काय पायजे?"

सरांचं गणित बरोबर असतं. डिफ्रॅक्शन म्हणतात ते हेच. लेन्सचं छिद्र जितकं लहान तितका उजेड पसरतो. पण हा ठिपका समोरचा सेन्सर बघून मोठा होत नाही. तो 24वरही पावणेअकरा मायक्रॉनचाच होता. 40मुळे तोटा काही नाही, फक्त पैसे मोजले त्या प्रमाणात फायदा होत नाही, आणि सरांना नेमकं हेच रात्री झोपू देत नाही.

मग दुसरी कडी लागते. बारीक पिक्सेलला हाताचा थरकाप लगेच दिसतो, म्हणून शटर 1/2000. शटर वाढवलं की उजेड कमी, म्हणून आयएसओ वर. आयएसओ वर गेला की दाणे. दाणे घालवायला कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर, आणि सॉफ्टवेअरने दाण्यांबरोबर पिसंही पुसली, की 24 मेगापिक्सेलचा फोटो तयार. तोवर नऊ वाजलेले असतात, ऊन पाण्यावर चढलेलं असतं, तापलेली हवा थरथरत असते आणि रोहित पक्ष्यांच्या माना पाण्याखालून पाहिल्यासारख्या डुलत असतात. त्या हवेवर कुठल्याही कंपनीने अजून लेन्स काढलेली नाही. जवळ जा, एवढाच उपाय आहे. पण जवळ गेलं तर 40 मेगापिक्सेल कशाला घेतले, असा प्रश्न उभा राहतो.

एकदा डोक्यावरून नदी सुरय सपकन गेला. सरांनी आवाज होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतं. फोटोत सुरयाचे पंख मुळातून वाकडे. सेन्सर एकदम वाचला जात नाही, ओळीमागून ओळ वाचली जाते. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत यायला काही मिलिसेकंद लागतात, आणि ओळी जास्त तितका हा वेळ ओढला जातो. तेवढ्यात पंख पुढे निघून जातो. मेकॅनिकल शटर लावलं असतं तर ही कटकट नव्हती. सरांनी वाकड्या पंखाचा कोन मोजला.

याच ठिकाणी त्यांचं जुनं दुखणं उघडं पडतं. फुजीफिल्मने 2022 साली एक्स-एच2 नावाचे दोन जुळे भाऊ बाजारात आणले. साध्या एक्स-एच2मध्ये 40 मेगापिक्सेल, आणि मागे 'एस' लावलेल्या भावात 26. पण त्या 26वाल्याचा सेन्सर झपाट्याने वाचला जातो, पंख वाकत नाहीत, आणि किंमत 40वाल्यापेक्षा जास्त. कमी पिक्सेलांना जास्त पैसे! सरांच्या आयुष्यभराच्या समजुतीला एवढा मोठा धक्का कारखान्याच्या संपानेही दिला नव्हता. त्यांनी दोन्ही सोडून एक्स-टी5 घेतला.

आता 40 हाच आकडा कुठून आला? फोटोवाल्यांनी मागितला म्हणून नव्हे, असं माझं मत. 8के व्हिडिओ 7680 पिक्सेल रुंद असतो. क्रॉप सेन्सरवर तेवढी रुंदी आणायची तर तीनास दोनच्या चौकटीत 40 मेगापिक्सेलच्या आसपास यावंच लागतं. 7728 म्हणजे गरजेपेक्षा 48 जास्त, काठोकाठ. कॅननचा 32.5वाला सेन्सर 6960 रुंद, म्हणून तो 7केवर थांबतो. 24वाला 6केवर. मात्र सरांच्या एक्स-टी5मध्ये 8केएवढा सेन्सर आहे, 8के रेकॉर्डिंग नाही. ते एक्स-एच2कडे. सरांना मिळतो 6.2के. हे ऐकून त्यांच्या पुतण्याने, स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ काकांनी काढावा, असं म्हटलं. पोरगा बिचारा आयटीत आहे, त्याला वाटलं जास्त के म्हणजे बरंच.

कार्यालय सदाशिव पेठेतलं, जुनं, अरुंद. सर 18-55 लेन्स लावून अंतरपाटासमोर उभे. 18 मिलिमीटर या सेन्सरवर फिल्मच्या 27सारखं दिसतं, म्हणजे दोन्ही मामा, भटजी आणि करवल्या चौकटीत. मग सरांनी 6.2के चालू केलं. 6240 पिक्सेलांचा व्हिडिओ 7728च्या सेन्सरमधून काढायचा म्हणजे दोन्ही बाजू कापाव्या लागतात. 27चे झाले 33, आणि करवल्या चौकटीबाहेर. सर चार पावलं मागे सरकले. हात थरथरतो म्हणून डिजिटल स्थिरीकरण लावलं, तर ते स्वतःसाठी आणखी एक काप घेतं. मामा बाहेर. सर आणखी मागे. मंगलाष्टकांचं तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा सर पहिल्या पंगतीच्या मांडलेल्या पाटांमधे उभे होते, आणि 'शुभमंगल सावधान' झालं तेव्हा भटारखान्याच्या दारात. वधूवरांनी हार घातले त्या क्षणी चौकटीत सगळं व्यवस्थित होतं, फक्त मधून जिलबीची परात घेऊन एक वाढपी गेला. तो फार शार्प आला आहे.

त्याआधी, मामा नवरीला घेऊन आले तेव्हा, सरांनी कॅमेरा झर्रकन फिरवला होता. त्या व्हिडिओत मांडवाचे सगळे खांब नवरीच्या बाजूला कललेले दिसतात. कारण सुरयाच्या पंखाचंच. नवरीकडची मंडळी मात्र हे शुभलक्षण मानतात.

पण न्यायाने बोलायचं तर चांगलंही बरंच निघालं. ठरवलेल्या फोटोग्राफरच्या व्हिडिओत नवरदेवाच्या दुसऱ्या काकांचा बारीक चौकटीचा शर्ट हलला, की त्यावर इंद्रधनुषी लाटा नाचतात. सरांच्या व्हिडिओत तो शर्ट शांत आहे, कारण चौकटीपेक्षा पिक्सेल बारीक आहेत. सरांनी 6.2केमधून फुल एचडी काढलं तेव्हा शालूची जर तार न् तार मोजता आली. तो ठरवलेला फोटोग्राफर, 24 मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यावर मीडियम जेपेग टाकून, पान खात काम करत होता. सरांनी त्याला गाठून विचारलं, मीडियम का? तो म्हणाला, "सर, करिझ्मा अल्बमचं पान बारा बाय अठरा. फुल पानाला वीस मेगापिक्सेलच्या आत भागतं. आणि फुल पान मिळतं फक्त नवरा-नवरीला. तुमचा नंबर पानावर सातवा, सुपारीएवढा." सर त्या दिवशी जेवले नाहीत, असं म्हणतात. मला तसं वाटत नाही, कारण वाढप्यानंतर तेच भटारखान्याच्या सर्वांत जवळ होते.

लग्नानंतर एका रविवारी त्यांच्याकडे गेलो. पोहे आले. टेबलावर ग्रुप फोटो उघडा होता, तीन ओळींतली साठेक माणसं, 40 मेगापिक्सेल. आजवर या यंत्राकडे सवत म्हणून पाहणाऱ्या वहिनी खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या.

"अहो, जाऊबाईंवर न्या. पहिल्या ओळीत, डावीकडच्या टोकाला. गळ्यावर न्या गळ्यावर. आणखी मोठं करा."

सर मोठं करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक अनोखं तेज होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरात कुणी शंभर टक्के मागत होतं.

"तीन तोळ्यांची ठुशी म्हणून सांगत फिरतात," वहिनी मला म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही बघा. मण्यांचा मुलामा उडालाय ना खालच्या बाजूला? एक ग्रॅमची आहे ती. मी तेव्हाच म्हटलं होतं."

मी पाहिलं. मुलामा उडालाय, की नुसतंच अंधूक दिसतंय, हे सांगणं कठीण होतं. सरांनी वाकून पाहिलं आणि गेज लावल्यासारखं सांगितलं, "निकाल देता येत नाही. फोकस मधल्या ओळीवर आहे. डिफ्रॅक्शन नको म्हणून मी छिद्र मोठंच ठेवलं होतं, त्यात पहिली ओळ थोडी मऊ झाली. शिवाय जाऊबाई पडल्या कोपऱ्यात. 18-55 कोपऱ्यात सुटते. 40 मेगापिक्सेलला पुरणाऱ्या लेन्सची कंपनीने यादी काढलीय, तिच्यात हिचं नाव नाही."

वहिनी थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. ज्या लेन्सचा विषय निघाला की या घरात कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जायच्या, तो विषय आता त्यांनी स्वतः काढला.

"मग यादीतली घ्यायची ना. केवढ्याला येते?"

"सर, याच लेन्सवर एफ/8 ठेवलं असतं तरी पहिली ओळ..." एवढं माझ्या तोंडून निघालं आणि टेबलाखाली माझ्या पायावर सरांचा पाय पडला. चांगला वजनदार.

"काय म्हणालात भाऊजी?"

"काही नाही वहिनी. पोहे फार छान झालेत म्हटलं."

"डोहाळजेवणाच्या आत यायला हवी पण," वहिनी सरांना म्हणाल्या. "तेव्हा त्या परत तीच घालणार."